शांतता नेमकी कुणाची मोडली?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड-भारत कसोटी मालिका चालू होती. एजबॅस्टनला विराट कोहलीला पायचीत करून बेन स्टोक्सने सामना फिरवला, भारत ३१ धावांनी हरला, आणि पुढच्या लॉर्ड्स कसोटीत स्टोक्स संघातच नव्हता. तो ब्रिस्टलच्या न्यायालयात आरोपीच्या जागी बसला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये एका नाइटक्लबबाहेर झालेल्या हाणामारीचा खटला होता. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये कुठे ‘मारामारीचा आरोप’ होता, कुठे ‘हल्ल्याचा आरोप’, कुठे नुसतंच ‘नाइटक्लब प्रकरण’. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि या खटल्याच्या बातम्या परीक्षेच्या नोट्सपेक्षा जास्त मन लावून वाचत होतो. आरोपाचं इंग्रजी नाव होतं ‘अफ्रे’.

खटल्याच्या पहिल्याच दिवशी सरकारी पक्षाने मारहाणीचे, म्हणजे इजा केल्याचे, वेगळे आरोप जोडायची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी ती दिली नाही. खटला अफ्रेचाच राहिला, आणि १४ ऑगस्टला ज्युरीने स्टोक्सला निर्दोष ठरवलं. स्वतःचा आणि इतरांचा बचाव करत होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. मारामारीच्या खटल्यात मारहाणीचा आरोप आधीपासून नव्हता, तर मग होता कशाचा? अफ्रे म्हणजे मारामारी नव्हे का? या एका शब्दाच्या मागे लागलो आणि बाराशे-तेराशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाचा हा वृत्तान्त.

शब्दाच्या पोटातली शांतता

‘अफ्रे’ इंग्रजीत आला तो नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमधल्या त्या क्रियापदाचा अर्थ होता दचकवणं, घाबरवणं, अस्वस्थ करणं. या क्रियापदाचे आपण रोज वापरतो असे दोन वंशज आहेत. एक ‘अफ्रेड’, म्हणजे घाबरलेला. हे मुळात ‘अफ्रे’चंच भूतकाळी रूप आहे: ज्याला ‘अफ्रे’ केलं गेलं, तो ‘अफ्रेड’. दुसरा ‘फ्रे’, म्हणजे झटापट. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची सुरुवात भररस्त्यातल्या मारामारीने होते, तिथे हा शब्द भेटतो.

पण फ्रेंचांकडे तो कुठून आला? भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ बोलीभाषेतल्या लॅटिनपर्यंत नेतात. तिथे ‘एक्स’ म्हणजे बाहेर, हा उपसर्ग लॅटिन. आणि त्याला जोडलेला ‘फ्रिथू’ हा शब्द जर्मानिक टोळ्यांचा. फ्रिथू म्हणजे शांतता. आजच्या जर्मनमध्ये शांततेला ‘फ्रीड’ म्हणतात तो हाच. फ्रेडरिक या नावातला ‘फ्रेड’ही हाच: शांततेचा राजा. तर एक्स अधिक फ्रिथू: एखाद्याला शांततेतून बाहेर काढणं.

म्हणजे या शब्दात ठोसा नाही, काठी नाही, रक्त नाही. भांडणारेही नाहीत. आहे तो फक्त शांततेत बसलेला आणि तिथून बाहेर फेकला गेलेला माणूस. इंग्रजी भाषेच्या लेखी घाबरणं म्हणजे शांततेतून हद्दपार होणं.

आता आणखी एक पायरी उतरू. संस्कृतातला ‘प’ जर्मानिक भाषांत ‘फ’ होऊन भेटतो, हे माहीत असेलच. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. मग ‘फ्रिथू’चा इकडचा नातेवाईक कोण? ‘प्रिय’. प्रेम करणं, आपलं मानणं या अर्थाच्या एकाच आदिम धातूतून आपल्याकडे ‘प्रिय’ आणि ‘प्रीती’ आले, तिकडे ‘फ्रेंड’ आणि ‘फ्री’ आले, आणि ‘फ्रिथू’ही आला. ‘फ्री’चा जुना अर्थ ‘प्रिय, आपल्यातला’ असाच होता. जो घरातल्या मायेच्या माणसांत मोजला जातो तो फ्री, जो मोजला जात नाही तो गुलाम.

म्हणजे ही शांतता आवाज बंद असण्याची शांतता नाही. आपल्या माणसांत असल्यावर जे निवांतपण वाटतं, ती ही शांतता. पुढचा सगळा इतिहास ‘आपली माणसं’ कुणाला म्हणायचं, या एकाच वादाचा आहे.

राजाच्या घरातलं भांडण

सातव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्यावर इने नावाचा राजा होता. त्याने केलेले कायदे टिकले, कारण पुढे आल्फ्रेड राजाने ते आपल्या कायद्यांना जोडून ठेवले. त्यात भांडणाचं एक कलम आहे आणि ते वाचताना दरपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

राजाच्या घरात मारामारी केलीस तर तुझी सगळी मालमत्ता गेली, आणि तुला जिवंत ठेवायचं की नाही हे राजा ठरवेल. मठात केलीस तर १२० शिलिंग. सरदाराच्या घरी केलीस तर ६० शिलिंग त्याला भरपाई आणि वर ६० शिलिंग दंड. मोकळ्या माळावर भांडलास तरी दंड आहेच. दारू पिता पिता दोघांची जुंपली आणि त्यातल्या एकाने संयम राखला, तर दुसऱ्याने ३० शिलिंग भरायचे. हे शेवटचं पोटकलम ज्याने लिहिलं त्याने बऱ्याच मैफली जवळून पाहिल्या असणार.

या यादीत कुणाला किती लागलं याची विचारणाच नाही. मार खाणाऱ्याची भरपाई वेगळ्या कलमांत आहे. त्या काळी प्रत्येक बोटाची, प्रत्येक दाताची किंमत ठरलेली असायची. इथे किंमत आहे ती छपराची. भांडण ज्याच्या छपराखाली झालं, त्याची शांतता मोडली. प्रत्येक घराला आपली शांतता होती, आणि घरधन्याची पत जितकी मोठी तितकी त्याच्या शांततेची किंमत जास्त.

पुढच्या काही शतकांत इंग्लंडमध्ये जे झालं ते एका ओळीत सांगायचं तर, राजाच्या घराचं छप्पर वाढत गेलं. आधी राज्याभिषेक, नाताळ, ईस्टर अशा सणांचे ठरावीक दिवस राजाच्या शांततेखाली आले. मग देशातले चार मोठे हमरस्ते आले. त्या रस्त्यावर कुणावर हल्ला करणं म्हणजे जणू राजाच्या दिवाणखान्यात हल्ला करणं. हळूहळू सगळा देशच राजाचं अंगण झाला. या शांततेत मात्र एक विचित्र बग होता. ती राजाची वैयक्तिक असल्याने राजा मेला की तीही संपायची, आणि नव्या राजाने जाहीर करेपर्यंत देशात अधिकृत शांतताच नसायची. राजा लॉगआउट, सेशन बंद. १२७२ मध्ये तिसरा हेन्री वारला तेव्हा त्याचा मुलगा एडवर्ड धर्मयुद्धानिमित्त परदेशात होता. त्याचा राज्याभिषेक व्हायला १२७४ उजाडलं. पण त्याच्या नावाने शांतता लगेच जाहीर झाली. इथून शांतता माणसाच्या देहापासून सुटली आणि गादीला चिकटली.

१३२८ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या कायद्याने बाजारात, जत्रेत किंवा कुठेही शस्त्रं मिरवत फिरायला बंदी घातली. त्या कायद्याच्या मजकुरात ‘अफ्रे’ हा शब्द आहे: शांततेला घाबरवेल असं कुणी काही करू नये. १३६१ च्या कायद्याने गावोगावच्या दंडाधिकाऱ्यांना एक साधं हत्यार दिलं. एखादा माणूस गडबड करेल असं वाटलं तर त्याच्याकडून आधीच चांगल्या वर्तणुकीची हमी, म्हणजे जामीन, लिहून घ्यायची.

हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल तर ते बरोबर आहे. मुंबईत ‘त्याच्यावर चॅप्टर केलीय’ असं म्हणतात ते हेच. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं आठवं प्रकरण शांतता राखण्याच्या हमीबद्दल होतं, म्हणून ‘चॅप्टर’. निवडणुकीच्या किंवा सणाच्या आधी पोलीस ज्यांच्याकडून बंधपत्र लिहून घेतात, त्यांना ठाऊकही नसतं की त्या कागदाचे खापरपणजोबा चौदाव्या शतकातल्या इंग्लंडचे आहेत.

शंभर रुपयांची शांतता

अफ्रे भारतात आला तो भारतीय दंड संहितेबरोबर. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने मसुदा दिला १८३७ मध्ये, कायदा मंजूर झाला १८६० मध्ये, लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. कलम १५९ ची व्याख्या इतकी आटोपशीर आहे की एखाद्या फंक्शनसारखी वाचता येते. तीन अटी: दोन किंवा जास्त माणसं हवीत, ती सार्वजनिक जागी लढायला हवीत, आणि त्याने सार्वजनिक शांतता मोडायला हवी. तिन्ही खऱ्या असतील तरच गुन्हा. कलम १६० मध्ये शिक्षा: एक महिन्यापर्यंत कैद, किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१८६० मध्ये शंभर रुपये ही साध्या माणसाला न पेलणारी रक्कम होती. पण आकडा कायद्यात हार्डकोड केलेला. रुपया घसरत गेला, आकडा जागचा हलला नाही. भारतीय न्याय संहितेत हे कलम १९४ झालं, १ जुलै २०२४ पासून लागू झालं, तेव्हा कुठे दंड एक हजारावर गेला. कैद मात्र अजून महिन्याचीच.

व्याख्येतला प्रत्येक शब्द न्यायालयांनी तोलून पाहिला आहे. ‘लढणं’ म्हणजे दोन्ही बाजूंनी लढणं. एक मारतोय आणि दुसरा नुसता मार खातोय, तर तो अफ्रे नव्हे; मारणाऱ्यावर दुसरी कलमं लागतील. १९३७ च्या सुमाराचं अवधच्या न्यायालयातलं एक प्रकरण वकिलीच्या पुस्तकांत हमखास असतं. दोघं भाऊ शहरातल्या रस्त्यावर एकमेकांना शिवीगाळ करत उभे राहिले. बघ्यांची तोबा गर्दी झाली, वाहतूक खोळंबली. पण हाताला हात लागला नाही. न्यायालय म्हणालं, हा अफ्रे नाही. आपल्या शहरांत रोज संध्याकाळी आरशाला आरसा घासल्यावर सिग्नलला जे होतं, त्यातलं बरंचसं या निकालाच्या आडोशाला उभं असतं.

मजा येते ती भाषांतरात. हिंदी दंड संहितेत अफ्रेला शब्द आहे ‘दंगा’, आणि पाच किंवा जास्त माणसांच्या बेकायदा जमावाने केलेल्या हिंसेला, म्हणजे ‘रायट’ला, ‘बल्वा’. मराठी कायद्याच्या पुस्तकांत रायटला ‘दंगा’ म्हणतात, आणि अफ्रेला ‘दंगल’ किंवा सरळ ‘मारामारी’. म्हणजे हिंदीतला दंगा महिनाभराच्या कैदेचा आणि मराठीतला दंगा दोन वर्षांच्या. बोलण्यातल्या भाषेची तऱ्हा आणखी वेगळी. हिंदीत ‘दंगल’ ही कुस्ती, म्हणून २०१६ च्या सिनेमाचं नाव ते. मराठीत मात्र दंगल म्हटलं की १९९२-९३ ची मुंबई आठवते. आणि दंगा? तो तर वर्गात बाई नसताना मुलं करतात.

याच्या उलट्या दिशेने गेलेला एक शब्द आपल्याकडे आहे: ‘कजिया’, किंवा ‘कज्जा’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ न्यायालयापुढचा वाद, निवाड्याचा विषय. ‘काझी’ त्याच घरातला. फारसीमार्गे मराठीत आला आणि कचेरीतून उतरून थेट नळावरच्या भांडणात गेला. अफ्रे ओसरीवरून कोर्टात चढला, कजिया कोर्टातून ओसरीवर उतरला.

न आलेला साक्षीदार

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अफ्रे जवळजवळ विस्मरणात गेला होता. मग तो पुन्हा खटल्यांत दिसू लागला, आणि न्यायालयांनी त्याचे जुने खांब एकेक करून काढले. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोनने ठामपणे लिहिलं होतं की अफ्रे सार्वजनिक जागीच होतो. चार भिंतींत झाला तर ती फक्त मारहाण. १९६५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की जागा सार्वजनिक असायची गरज नाही. १९७३ मध्ये सांगितलं की माणसं दोन असायची गरज नाही, एकटाही अफ्रे करू शकतो. अखेर १९८६ च्या कायद्याने जुना अफ्रे रद्द करून नवा लिहिला.

या नव्या व्याख्येतलं मुख्य पात्र मला फार आवडतं. कुणी दुसऱ्यावर बेकायदा हिंसा केली किंवा तशी धमकी दिली, आणि तिथे एखादा बऱ्यापैकी कणखर मनाचा माणूस हजर असता तर त्याला स्वतःच्या जिवाची भीती वाटली असती, तर तो अफ्रे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गंमत अशी की हा कणखर मनाचा माणूस प्रत्यक्षात तिथे असायलाच हवा असं नाही. सॉफ्टवेअर तपासायला आम्ही खोटा युजर बनवतो, तसा कायद्याने खोटा बघ्या बनवला आहे. फार भित्रा नाही, फार धीटही नाही. स्टोक्सच्या खटल्यात ज्युरीला मनात उभा करावा लागला तो हाच माणूस. मारहाणीच्या खटल्यात विचारतात, कुणाला किती लागलं? इथे विचारतात, हे बेकायदा होतं का, आणि पाहणाऱ्याची छाती धडधडली असती का?

ज्याला धमकी दिली तो माणूस मात्र खराखुरा हवा. २००१ मध्ये पेट्रोल बॉम्ब बाळगून जमलेल्या टोळीतल्या काही तरुणांची अफ्रेची शिक्षा हाउस ऑफ लॉर्ड्सने रद्द केली. धमकी ज्याला दिली असा कुणी तिथे नव्हताच. भीती हवेत तरंगू शकत नाही. तिला उतरायला एक माणूस लागतो.

दाराच्या आतली शांतता

हे सगळं वाचत असताना मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. एका रात्री समोरच्या दाराआडून भांडी आपटल्याचा आवाज आला, मग एका बाईचा, मग नुसता धपधप. मी आणि माझ्या रूममेटने जाऊन बेल वाजवली. आवाज थांबला, दार उघडलं नाही. खाली वॉचमनकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, “घरातली भांडणं आहेत दादा, बाहेर काही नाही.”

काकांनी नकळत कलम १५९ ची दुसरी अट सांगितली होती. तोच हात, तोच मार, जिन्याखाली रस्त्यावर झाला असता तर सार्वजनिक शांततेचा प्रश्न. दाराच्या आत झाला तर बाहेर काही नाही. जिची शांतता मोडत होती ती त्या हिशोबात ‘सार्वजनिक’ नव्हती.

आपल्या कायद्याला त्या दारातून आत शिरायला वेगळे रस्ते काढावे लागले. दंड संहिता लागू झाल्यावर १२१ वर्षांनी, १९८३ मध्ये, पती आणि सासरच्यांच्या क्रूरतेचं कलम ४९८ अ आलं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून. कल्पना चांगलीच होती. पण तंटा मिटला आणि शांतता आली, या दोन गोष्टी एकच असतात का, हा प्रश्न दाराआडच्या बाईलाच विचारायला हवा. समेट कागदावर होतो. भीती गेली की नाही हे कागदाला कळत नाही.

आणि इथेच हा जुना शब्द एका अनपेक्षित ठिकाणी कामाला आला. २१ जून २०२४ ला, म्हणजे आपली न्याय संहिता लागू व्हायच्या दहा दिवस आधी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. प्रश्न असा होता: जोडीदाराला धोका असल्यामुळे ज्याच्यावर न्यायालयाने मनाई हुकूम काढला आहे, त्याला बंदूक बाळगू न देणं घटनेला धरून आहे का? तिथे शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि अशा बंदीला इतिहासात काही आधार आहे हे दाखवावं लागतं. न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी बंदी योग्य ठरवली. त्यासाठी जे जुने कायदे पुढे ठेवले, ते दोन होते. एक, आधीच हमी लिहून घेण्याचा, म्हणजे आपल्या ‘चॅप्टर’चा भाऊ. दुसरा, शस्त्रं मिरवून लोकांना घाबरवण्याविरुद्धचा, म्हणजे अफ्रेचा.

इनेच्या काळात घरातली शांतता घरधन्याची होती. ती मोडली की भरपाई त्याला मिळायची. मग ती राजाची झाली, मग गादीची, मग रस्त्यावरच्या अनोळखी लोकांची. बाराशे-तेराशे वर्षं बाहेर हिंडून तो शब्द पुन्हा घरात आला, पण या वेळी घरधन्याच्या बाजूने नाही. घरात राहणाऱ्या आणि घरधन्याला घाबरणाऱ्या माणसाच्या बाजूने.

फ्रिथू आणि प्रिय एकाच धातूचे आहेत, हे शब्द घडवणाऱ्या टोळ्यांना वेगळं शिकवायची गरज पडली नसेल. जिथे आपली माणसं, तिथे शांतता, इतका साधा हिशोब. ज्या घरात प्रिय माणसाच्या पावलांचा आवाज ऐकून कुणी दचकतं, तिथे तो हिशोब चुकलेला असतो, बाहेर रस्त्यावर कितीही शांत असलं तरी. आपल्या कलम १९४ ची पहिली अट अजून ‘दोन किंवा अधिक व्यक्ती’ अशी आहे आणि दुसरी ‘सार्वजनिक ठिकाण’. शांततेतून बाहेर फेकली गेलेली व्यक्ती अनेकदा एकटी असते आणि दार आतून बंद असतं.